माणदेशचा दम, बेळ्ळंदूरची हवा

प्रतिकूल परिस्थितीत लांब पल्ल्याची धाव घेतल्याने माणूस कणखर होतो, ही समजूत क्रीडाशास्त्रापेक्षा लोकमानसात अधिक पक्की रुजलेली आहे. मात्र तिची नीट पारख करायची, तर 'प्रतिकूल' कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते, आणि त्यासाठी बेंगळुरूच्या आग्नेयेकडील बेळ्ळंदूरचा परिसर फार सोयीचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहराला निसर्गाने धावणाऱ्यांसाठी झुकते मापच दिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये पारा ३९.२ अंशांवर गेला तेव्हा तो येथील उच्चांक ठरला, आणि हा आकडा ऐकून अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा माणूस हसेल. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण केंद्र याच शहरात असून मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंची राष्ट्रीय शिबिरे तेथे वर्षानुवर्षे भरत आली आहेत. तेव्हा बेळ्ळंदूरला धावणे अवघड होत असेल, तर ती अडचण ऊन, थंडी वा चढ यांची नसून माणसांनीच तयार केलेली आहे.

सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर तलाव हा शहरातील सर्वांत मोठा. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी दशकानुदशके त्यात येत राहिले. डिटर्जंटांतील फेस आणणारी द्रव्ये आणि फॉस्फेटे साचत गेली, आणि सांडव्यावरून पाणी कोसळताना त्याचा असा फेस होऊ लागला की तो वाऱ्याने उडून यमलूरकडच्या रस्त्यावर वाहनांच्या काचांवर बसे आणि त्याला अडवण्यासाठी जाळ्या लावाव्या लागत. मे २०१५ मध्ये या फेसानेच पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तलावातील वाळलेल्या गवताला लागलेली आग विझवण्यासाठी लष्कराचे जवान उतरले. तलावाजवळून बाह्य वर्तुळाकार मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडचा 'रिंग रोड', जातो आणि त्याच्या कडेने आयटी कंपन्यांची संकुले उभी आहेत. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात चोवीस तासांत १३० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला तेव्हा याच भागातील कर्मचाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरी गाठली. येथे भल्या पहाटे धावायला बाहेर पडणाऱ्यांत पुण्या-नागपूरकडून नोकरीनिमित्त आलेले मराठी लोकही आहेत, आणि त्यांच्यात हा वाद नेहमीचाच आहे.

पुढील संवादातील दोन व्यक्ती कल्पित आहेत. पूर्वपक्ष मांडणारे प्रशिक्षक हे सैन्यातून निवृत्त झालेले, माणदेशातले गृहस्थ. उत्तरपक्ष मांडणाऱ्या श्वसनविकारतज्ज्ञ त्यांच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान, पण स्वतः अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची शर्यत, धावणाऱ्या. युक्तिवादांतली माहिती मात्र कल्पित नाही.

प्रशिक्षक : डॉक्टर, चिवटपणा पुस्तकातून येत नाही. माण तालुक्यातले मोही पाहा. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, शेतकऱ्याचे घर, खेळाची सुरुवात खो-खोने. आणि त्या गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या, मग इथल्याच शिबिरात बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे वळल्या. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी तिची अंतिम फेरी गाठली, पी. टी. उषांच्या १९८४ च्या धावेनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांचेही तसेच. सहा किलोमीटरवरची शाळा पायी गाठायची, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती, मग सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत हा माणूस केनियाच्या धावपटूच्या मागे पाच शतांश सेकंद राहिला. तोवर १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियालाच गेली होती. अशी माणसे वातानुकूलित जिममधल्या ट्रेडमिलवर घडत नाहीत.

डॉक्टर : सर, त्या दोघांच्या कर्तृत्वाबद्दल वादच नाही, वाद आहे तो कारणाबद्दल. खडतरपणानेच माणसे घडत असती, तर आष्टी-पाटोद्याकडून दर दिवाळीला साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतून दर चार वर्षांनी एक ऑलिंपिकपटू निघायला हवा होता. त्यांना पहाटेची थंडी आहे, ऊन आहे, डोक्यावर मोळी आहे. नाही ते पोटभर अन्न आणि विश्रांती. त्यांच्यापैकी अनेकांच्या कंबरा आणि गुडघे पन्नाशीच्या आत निकामी होतात. साबळे आणि ऊसतोड मजूर यांचा दुष्काळ एकच होता. फरक पडला तो सैन्याच्या लंगरात, ठरलेल्या झोपेत आणि अमरीश कुमार यांच्यासारख्या प्रशिक्षकाची नजर पडली त्यात. आपण यश मिळालेल्यांची कष्टाची कहाणी ऐकतो. तेच कष्ट सोसून मोडलेल्यांची कोणी मुलाखत घेत नाही.

या ठिकाणी उत्तरपक्षाची बाजू सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. मराठी वाचकाला गरिबीतून वर आलेल्या खेळाडूची गोष्ट विलक्षण प्रिय आहे, आणि त्या प्रेमापोटी गरिबीलाच प्रशिक्षकाचे श्रेय देऊन टाकण्याची खोड लेखकांनाही लागलेली आहे. तथापि पूर्वपक्षाचा गाभा याहून सूक्ष्म असून प्रशिक्षकांनी तो पुढच्या फेरीत मांडला.

प्रशिक्षक : मोळी वाहणाऱ्याला थांबण्याची मुभा नसते, धावणाऱ्याला असते, म्हणून दोन्ही कष्ट एका मापाने मोजू नका. सांगायचे आहे ते इतकेच, की जो धावपटू फक्त चांगल्या हवेत, सपाट वाटेवर, पोटात वेळेवर केळे असतानाच धावला आहे, त्याला स्वतःची खबर नसते. चैत्रातल्या चार वाजताच्या उन्हात दहाव्या किलोमीटरला डोके जड होते तेव्हा तो नुसता त्रास आहे की धोका, हे त्याला कळत नाही. एक तर घाबरून थांबतो, नाही तर हट्टाने पुढे जाऊन कोसळतो. हा फरक अंगाला शिकवावा लागतो.

डॉक्टर : उन्हापुरते हे शंभर टक्के मान्य. वैद्यकशास्त्र त्याला उष्णतेशी अनुकूलन म्हणते. रोज तासभर उन्हात बेताने सराव केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते: रक्तद्रवाचे, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या पातळ भागाचे, प्रमाण वाढते, घाम लवकर आणि जास्त येतो, पण त्यातून मीठ कमी जाते, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके आधीपेक्षा कमी पडतात. सराव सोडला की काही आठवड्यांत हे सगळे ओसरते. चढ-उताराचेही तसेच. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळावे लागतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दोन दिवस जिना उतरणे नकोसे होते; पण महिन्याभरात पुन्हा उतरले तर दुखणे निम्म्यावर येते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडलेली ताणाची कल्पना यालाच लागू पडते: आघात, मग जुळवणी, आणि आघात संपलाच नाही तर थकून कोसळणे. ऊन आणि घाट यांच्या बाबतीत मधला टप्पा येतो, कारण शरीराकडे त्या इजेची दुरुस्ती करण्याची यंत्रणा आहे. बेळ्ळंदूरच्या हवेच्या बाबतीत तो येत नाही.

प्रशिक्षक : हवेचीही सवय होतेच की. नवी मुले पहिले चार दिवस रिंग रोडच्या कडेने धावताना खोकतात, पाचव्या दिवशी विसरतात.

हा मुद्दा वरवर निरुत्तर करणारा वाटतो, आणि त्याच्यावर संवादाचा सर्वांत मोठा भाग खर्ची पडला, ते योग्यच झाले. कारण प्रतिकूलतेचे गोडवे गाणारी सारी मांडणी येथेच तरते किंवा बुडते.

डॉक्टर : ते विसरणे हाच धोका आहे, सर. ओझोनचे उदाहरण घ्या. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इतर वायू यांच्यावर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत हा वायू तयार होतो. स्वयंसेवकांना बंद खोलीत रोज काही तास ओझोनमध्ये व्यायाम करायला लावून प्रयोग झाले आहेत. पहिल्या एक-दोन दिवशी छाती आवळते, खोल श्वास घेतला की खोकला येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी ही लक्षणे बहुतांशी नाहीशी होतात. पण त्याच लोकांच्या श्वासनलिकांतील द्रव तपासला, तेव्हा अस्तराचा दाह पूर्णपणे थांबलेला नव्हता. तक्रार थांबली, इजा थांबली नाही. उन्हाची सवय झालेल्या माणसाच्या शरीरात काहीतरी सुधारलेले असते. धुराची सवय झालेल्याची फक्त धोक्याची घंटा काढून घेतलेली असते. आणि सूक्ष्म कणांचे तर त्याहून वाईट. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याचे कण. ते वायुकोशांपर्यंत जातात. वर्षभराच्या सरासरीत त्यांचे प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावे असे जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, आणि दिल्लीपेक्षा बरी म्हणून ज्या बेंगळुरूचे कौतुक होते तिथली हवाही त्या ५ च्या कितीतरी पट वर असते. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. जोरात धावणारा शंभर लिटरपर्यंत, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. शिवाय हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडलेली असते, आणि अवजड वाहनांवर शहरात दिवसा निर्बंध असल्यामुळे त्यांची वर्दळ रात्री व पहाटे असते. पहाटेची हवा शुद्ध, हे गावाकडचे गणित रिंग रोडला लावता येत नाही.

प्रशिक्षकांना हे पटायला वेळ लागला, आणि पटल्यानंतरही त्यांनी आपली बाजू सोडली नाही. ज्याने सियाचीनसारख्या ठिकाणी माणसे तग धरताना पाहिली आहेत, त्याला गैरसोय आणि इजा यांच्यातली सीमारेषा प्रयोगशाळेतून आखून घेणे सहज रुचत नाही.

प्रशिक्षक : ठीक आहे. धूर वगळा. पण मग तुमची मंडळी पाऊसही वगळतात, ऊनही वगळतात, आणि प्रत्येक दोन किलोमीटरला पाण्याची बाटली मागतात. सोयीनेही माणूस मरतो, डॉक्टर.

डॉक्टर : तेही खरे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीअंती तपासले, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण धोक्याच्या रेषेखाली उतरलेले निघाले, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध होता वाटेत पोटात गेलेल्या जास्तीच्या पाण्याशी. रक्तातील मीठ असे पातळ झाले की मेंदूला सूज येऊ शकते; त्याच शर्यतीत एका धावपटू स्त्रीचा त्यातून मृत्यू झाला. तहान लागल्यावर प्यावे, हा जुना सल्लाच बहुतेकांना पुरतो. पण दुसरी बाजूही पाहा. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत होती. दुपारी तापमान अचानक उतरले, गारठलेला पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला. वारा अडवणारे जाकीट बाळगणे सक्तीचे नव्हते, म्हणून अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर निघालेले पुष्कळ होते. एकवीस जण गारठून गेले. त्यांत देशातले नामांकित, सर्वांत चिवट म्हणून ओळखले जाणारे धावपटू होते.

प्रशिक्षक : ती आयोजकांची चूक.

डॉक्टर : आयोजकांची तर होतीच. पण जे वाचले त्यांत वेळेवर मागे फिरलेले होते. एका मेंढपाळाने काही जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवले. शर्यत सोडणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, सर?

प्रशिक्षक : कच्चा म्हणतात. चुकीचे म्हणतात.

येथे दोन्ही पक्ष अनपेक्षितपणे एका जागी आले. प्रशिक्षकांच्या मते चिवटपणाची खरी परीक्षा शर्यत पुरी करण्यात नसून सतराव्या किलोमीटरला, सगळे पुढे जात असताना, आपल्या पिंढरीतला पेटका साधा आहे की नडगीच्या हाडाला तडा जातो आहे हे ओळखून बाजूला होण्यात आहे. आणि ही ओळख ज्याने कधी अंगावर काही घेतलेच नाही त्याला येत नाही. डॉक्टरांनी यावर जी दुरुस्ती सुचवली ती महत्त्वाची आहे: ताण देणारी गोष्ट अशी असावी की ती आपल्याला खरी माहिती देईल. ऊन देते, चढ देतो, भूक देते. धूर देत नाही, कारण पाचव्या दिवसापासून तो गप्प राहतो.

पावसाचा प्रश्न तेवढ्यात सुटला नाही. प्रशिक्षकांच्या मते पावसात धावण्याने जेवढे शिकायला मिळते तेवढे दुसऱ्या कशाने मिळत नाही: ओल्या मोज्यांत तळपाय कसा सोलवटतो, भिजलेला टी-शर्ट काखेत कसा काचतो, समोरचे दिसेनासे झाल्यावर पावलांची लय कशी टिकवायची. डॉक्टरांचा आक्षेप पावसाला नव्हता, त्याच्या खाली दडलेल्या गोष्टींना होता. २०२२ सारख्या पुरात बेळ्ळंदूरच्या रस्त्यांवर जे साचते ते पावसाचे पाणी नसून सांडपाणी मिसळलेले पाणी असते. त्याखाली झाकण नसलेले मॅनहोल असू शकते, आणि भेगाळलेल्या टाचेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा रोग कोकणातल्या भातशेतीत वावरणाऱ्यांना चांगला परिचयाचा आहे. शेवटी पाऊस चालेल, साचलेले पाणी चालणार नाही, यावर तडजोड झाली. तडजोड म्हणून ती फार उच्च दर्जाची नाही, पण सप्टेंबरात रोज उपयोगी पडणारी आहे.

डॉक्टर : आणखी एक गोष्ट बोलायची राहिली. रिंग रोडवरच्या इब्लूर चौकात तोंडाला मास्क लावून वाहतूक पोलीस उभा असतो. धावणारा तासाभराने घरी जातो, आंघोळ करतो, आपल्या चिकाटीचा फोटो टाकतो. तो पोलीस पाळी संपेपर्यंत तिथेच. दूषित हवेत टिकून राहण्याला आपण कणखरपणा म्हणू लागलो, तर त्याच्या वाट्याला आलेली हवा हा कोणाचा दोष उरत नाही. सोसता न येणे हा त्याचाच दोष ठरतो.

प्रशिक्षक : हे मान्य. पण धावणाऱ्यांना त्यात धरू नका. हवा आणि पाणी बिघडले आहे हे ज्यांच्या आधी लक्षात येते ते रोज तळ्याकाठी येणारेच असतात. सर्जापूर रस्त्यावरचे कैकोंद्रहळ्ळी तळे पाहा. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे, सांडपाण्याने आणि राड्यारोड्याने भरत चाललेले. २०१० च्या सुमारास आसपासच्या रहिवाशांनी महानगरपालिकेच्या मागे लागून ते पुन्हा उभे करून घेतले, मग देखरेखीसाठी समितीही नेमली. आज तिथे मातीची वाट आहे, पाणकावळे आहेत, आणि सकाळी धावणाऱ्यांची रीघ असते. त्या रहिवाशांना कचेऱ्यांत किती खेटे घालावे लागले असतील! तोही लांब पल्लाच.

डॉक्टरांनी या उदाहरणावर एवढेच म्हटले की तळे सुधारले ते सोसल्यामुळे नव्हे, तर सोसायला नकार दिल्यामुळे. आणि प्रशिक्षकांनी, आपल्याला हवा असलेला शब्द समोरच्याने उच्चारल्यासारखी मान डोलावली.

त्यानंतर दोघांनी नवशिक्यांसाठी एक सरावक्रम आखायला घेतला, आणि मतभेदाचे खरे स्वरूप तेथे उघड झाले. पहिले दोन महिने फक्त कैकोंद्रहळ्ळीच्या मातीच्या वाटेवर धावायचे, यावर एकमत. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा सराव चार वाजता वीस मिनिटांपासून सुरू करून दोन आठवड्यांत तासापर्यंत न्यायचा, आणि डोके दुखू लागले, अंगावर काटा आला किंवा घाम थांबला तर त्याच क्षणी सावली गाठायची, यावरही एकमत. सलग तीन आठवडे अंतर वाढवल्यावर चौथा आठवडा हलका ठेवायचा, ही प्रशिक्षकांची अट. ती ऐकून डॉक्टरांना आश्चर्य वाटले, कारण विश्रांतीचा आग्रह आपल्याकडूनच धरला जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. माणदेशात बैलालाही बेंदराच्या सणाला जू लावत नाहीत, असे प्रशिक्षकांनी सांगितले.

अडले ते हवेच्या निर्देशांकावर. निरनिराळ्या प्रदूषकांची मोजमापे एका आकड्यात आणणारा हा राष्ट्रीय निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे वाईट असे टप्पे पाडतो. डॉक्टरांनी १०० च्या वर बाहेरचा सराव बंद असा नियम मांडला. प्रशिक्षकांनी २०० चा धरला: मध्यम या टप्प्याच्या सरकारी वर्णनात त्रास होईल तो दमा, फुफ्फुस किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांना असेच म्हटले आहे, आणि १०० ची रेघ ओढली तर जानेवारीत धावायला किती सकाळी उरतील, हा त्यांचा सवाल होता. डॉक्टरांचे उत्तर असे की ते वर्णन रोजच्या कामधंद्यात वावरणाऱ्या माणसासाठी लिहिलेले आहे, मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणाऱ्यासाठी नाही. दमा असणाऱ्यांपुरती १०० ची मर्यादा प्रशिक्षकांनी लिहून घेतली, लहान मुलांचीही घेतली. धडधाकट प्रौढांच्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने १५० लिहिले, आणि डॉक्टरांनी तो कागद सही न करता परत केला.